फूफाजी कुणी लिहिले?

आमच्या ऑफिसात किस्से ऐकायला कुणाला वेळ नसतो आणि सांगितल्याशिवाय कुणाला राहवत नाही. मी आठ वर्षं इथे सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. चूक सापडली की तिच्यामागे माणूस सापडतो आणि माणसामागे किस्सा. परवा माझी धाकटी म्हणाली, "आई, मतलब तू रोज सेम स्टोरी सांगतेस." सेम नाही गं बाई. माणसं तीच आहेत, येडेपणा रोज ताजा असतो.

तर आधी पत्ता सांगते. जयपूर, मालवीय नगर, कोचिंग क्लासच्या डोक्यावर दुसरा मजला. खाली मुलं फिजिक्स घोकतात, वर आम्ही हॉटेलांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. इथली हॉटेलं लग्नांवर चालतात. कुठून कुठून माणसं इथे येऊन लग्नं करतात. तीनशे पाहुणे, दीडशे खोल्या, मुलीकडचे कुठल्या मजल्यावर, मुलाकडचे कुठल्या, सगळं आमचं सॉफ्टवेअर ठरवतं.

या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेजेस असतात. पॅकेज म्हणजे फार काही नाही, स्वयंपाकघरातला डबा समजा. एका कामाचा सगळा कोड एका डब्यात भरायचा आणि वर नाव लिहायचं. झाकण न उघडता आत काय आहे ते कळलं की झालं. एवढीशी गोष्ट. पण या एवढ्याशा गोष्टीपायी आमच्या तन्मयची नोकरी जायची वेळ आली होती. त्याच्याकडे येतेच, पण सुरुवात मालकांपासून करायला हवी.

*

मालक म्हणजे भंडारी सर. अस्सल जयपुरी, देवभोळे, आवाज कधी चढत नाही. कंपनीचा पहिला कोड त्यांनी अक्षय तृतीयेला मुहूर्त पाहून सुरू केला. पंडितजींनी अक्षर काढून दिलं, 'प'. मग काय, प्रत्येक पॅकेजचं नाव 'प'वरून. खोल्यांचं 'परूम', बिलाचं 'पबिल', स्वयंपाकघराचं 'पकिचन'.

एका प्रोग्रामरने हिंमत करून सांगितलं, "सर, काहीही शोधायला 'प' दाबलं की पन्नास नावं अंगावर येतात."

सर प्रसन्न हसले. "अच्छा है ना, सब साथ में रहते हैं."

त्यांच्या घरात एकवीस माणसं एका चुलीवर जेवतात. त्यांना यात अडचण काय ते खरंच कळलं नव्हतं.

*

पुढे 'प'चा जोर ओसरला आणि ज्याला जे सुचेल ते नाव ठेवायची पद्धत पडली. एकाने पाहुण्यांच्या नोंदणीचं पॅकेज नव्याने लिहिलं, नाव ठेवलं 'नया'. वर्षभराने दुसऱ्याने लिहिलं, 'नयावाला'. तिसऱ्याने 'एकदमनया'. चौथ्याने वैतागून 'नयापक्का'.

एक मुलगी नवीन लागली होती. बिचारी वही घेऊन माझ्याजवळ आली. "दीदी, यातलं नेमकं चालतं कुठलं?"

मी म्हटलं, लिहून घे. 'नया' सगळ्यात जुनं आहे. 'एकदमनया' कधी सुरूच झालं नाही. 'नयापक्का' पहिल्याच दिवशी कोसळलं. 'नयावाला' कुणी लिहिलं ते आठवत नाही, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही.

"मग चालतं कुठलं?"

"'पुराना'."

तिने वही मिटली. महिन्याभरात तिला दुसरीकडे नोकरी लागली. मला आनंदच झाला, शहाणी पोरगी होती.

*

आता तन्मय. तन्मय पाटील, जळगावचा, शास्त्रीनगरला एका खोलीत भाड्याने राहतो. कंत्राटावर लागलेला, सहा-सहा महिन्यांचं कंत्राट. बोलायला कमी, कामाला वाघ. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे मला ताई म्हणतो आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता संपवतो.

त्याला पहिल्याच महिन्यात एका हॉटेलात पाठवलं होतं, लग्नात आमचं सॉफ्टवेअर कसं चालतं ते बघायला. परत आला तो थक्क होऊन. म्हणाला, "ताई, सगळं व्यवस्थित लागलं होतं. दीडशे खोल्या, एक घोळ नाही. मग फूफाजी आले."

फूफाजी म्हणजे आत्याचे यजमान. आपल्याकडे कसं, कुणीतरी एक जण मानपानावरून रुसतो. इकडे तो मान आत्याच्या यजमानांना राखीव आहे. खोली लिफ्टजवळ नको, बाल्कनी हवी, समोर दुसऱ्या जावयाचं तोंड नको. फूफाजींची एक खोली बदलली की मागोमाग आठ खोल्या बदलाव्या लागतात, आणि आमचं सॉफ्टवेअर तिथे गुडघे टेकायचं.

तन्मयने दोन महिने खपून त्यासाठी एक पॅकेज लिहिलं. ऐन वेळी एक पाहुणा रुसला तर कमीत कमी माणसं हलवून त्याला खोली कशी द्यायची, हे तीन सेकंदांत सांगणारं. नाव ठेवलं 'फूफाजी'. हॉटेलवाल्यांनी डोक्यावर घेतलं त्याला. एका मॅनेजरने तर फोन करून भंडारी सरांना सांगितलं, "और कुछ दो ना दो, फूफाजी बंद मत करना."

खाली चहाची टपरी आहे, इकडे तिला थडी म्हणतात. तिथला चहावालासुद्धा विचारायचा, "भैया, आज फूफाजी मान गए?" मला सांगा, डब्यावरचं नाव याहून सरळ काय असतं?

*

मग अनिरुद्ध सर आले. सॉफ्टवेअरचा आराखडा आखणारे आर्किटेक्ट म्हणून, थेट पुण्याहून. भंडारी सरांनी कुठल्याशा परिषदेत त्यांचं भाषण ऐकलं आणि भारावून घेऊन आले. मराठी माणूस येतोय म्हणून मी आदल्या दिवशीच पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या, मीच खुळी. पहिल्या दिवशी त्यांनी पोळी खाल्ली, म्हणाले, "कटाची आमटी नाही का?" आणि पॅकेजेसची यादी उघडून बसले.

तासाभराने त्यांनी चष्मा काढला. "हे कुणी ठेवलंय? फूफाजी?"

तन्मय उभा राहिला. "मी, सर."

"प्रोफेशनल वाटतं का हे?"

"पण सर, सगळ्यांना कळतं."

"कळणं हा निकष नसतो," अनिरुद्ध सर म्हणाले.

तीन आठवड्यांत त्यांनी नाव ठेवण्याच्या नियमांचं पुस्तक काढलं. अडतीस पानं. कशाला काय म्हणावं, किती शब्दांत म्हणावं, मध्ये किती टिंबं द्यावीत. प्रत्येक पॅकेजला एक मालक असेल आणि त्याचं नाव वहीत चढेल. भंडारी सरांचा कागदावर विश्वास, म्हणून ही वही खरोखरच आणली, लाल कापडाची, पहिल्या पानावर स्वस्तिक.

त्यातला पान बारावरचा नियम चार सगळ्यांना तोंडपाठ झाला, कारण अनिरुद्ध सर तो उठता-बसता ऐकवायचे. ज्याच्या नावावर पॅकेज, त्यानेच त्याला हात लावायचा. दुसऱ्याने लावला तर शिस्तभंग.

*

मग समिती बसली. मी, भंडारी सर आणि अनिरुद्ध सर. मला का घेतलं, तर चुका मी शोधते म्हणून.

समितीच्या नऊ बैठका झाल्या. 'फूफाजी'चं नवं नाव ठरलं ते मराठीत सांगायचं तर असं: कंपनी, टिंब, आतिथ्य, टिंब, पाहुणा, टिंब, अपवाद, टिंब, खोली, टिंब, पुनर्वाटप. बाकीचीही याच थाटाची. नावं इतकी लांब की स्क्रीनच्या डाव्या पट्टीत 'कंपनी टिंब आतिथ्य टिंब पाहुणा'पर्यंतच दिसायचं, पुढचं कापलं जायचं. म्हणजे यादीत ओळीने चाळीस नावं आणि चाळीसच्या चाळीस सारखी!

आठवड्याभरात लोकांनी आपली पद्धत काढली. "जरा वरून सातवं उघड." "कुठलं?" "अरे, फूफाजी." "मग तसं सांग की."

या सगळ्यावर तीन सह्या लागणार होत्या. मला कळत होतं की हा शुद्ध गाढवपणा आहे. पण चार वाजत आले होते, धाकटीला वैशालीनगरच्या शाळेतून आणायचं होतं, आणि अनिरुद्ध सरांनी पेन पुढे केलं. मी सही केली. त्याची लाज मला अजून वाटते.

*

नावं बदलायचं काम अनिरुद्ध सरांनी स्वतः घेतलं, आणि मुहूर्त निवडला चातुर्मासाचा. इकडे आषाढी एकादशीला देव झोपले की लग्नं बंद, ती थेट कार्तिकी एकादशीला उघडतात. तिला इथे देवउठनी ग्यारस म्हणतात. चार महिने ना वरात ना वऱ्हाड. हॉटेलांत फिरायला आलेली जोडपी, दोन माणसं, एक खोली. त्या काळात कुठले फूफाजी रुसणार?

अनिरुद्ध सरांनी सगळ्या पॅकेजेसची नावं बदलली. जाता जाता प्रत्येक ओळीच्या आधीची मोकळी जागासुद्धा पट्टी लावल्यासारखी सरळ करून घेतली. अक्षर एकही नवं नाही, पण हात प्रत्येक ओळीला लागला. चार महिने कुठूनही तक्रार आली नाही.

मी एकदा म्हटलं, "सर, खोल्या अदलाबदलीचं एखाद्या हॉटेलात करून बघूया का? सीझनच्या आधी?"

"चार महिने चाललंय ना सुरळीत?"

चाललंय कुठे, ते कुणी उघडलंच नव्हतं. पण हे मी मनात म्हणाले. मनात मी फार शूर आहे.

*

दिवाळीच्या आधी भंडारी सर प्रत्येकाच्या कामाचा हिशोब घेतात. कॉम्प्युटरला विचारायचं, कुठली ओळ कुणाची. आता कॉम्प्युटर साधा भोळा. ओळीला शेवटचा हात ज्याचा लागला, त्याचंच नाव तो सांगतो. सगळ्या ओळींवर एकच नाव निघालं, अनिरुद्ध. जुनी, नवी, पंडितजींच्या काळातली, सगळी. लाल वहीतसुद्धा मालक म्हणून सगळीकडे अनिरुद्ध सरांनीच स्वतःला चढवून घेतलं होतं. "तात्पुरतं आहे," असं म्हणाले होते.

बाकी सगळ्यांच्या नावापुढे आलं शून्य, पण ते पक्क्या नोकरीतले, कंत्राटी एकटा तन्मय.

भंडारी सर भाबडे, त्यांना वाटलं केवढा हा कामाचा उरक. त्यांनी सगळ्यांसमोर अनिरुद्ध सरांना साफा म्हणजे फेटा बांधला, लहरियाच्या नागमोडी पट्ट्यांचा, गुलाबी. घेवर ही इकडची मिठाई वाटली. अनिरुद्ध सर एवढंच म्हणाले, "मी माझं कर्तव्य केलं." माझ्या हातात घेवर होता म्हणून, नाहीतर मी टाळ्याही वाजवल्या असत्या. इतकी मी त्या दिवशी भित्री होते.

आणि तन्मयला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की कंत्राट पुढे वाढणार नाही. शेवटचा दिवस ग्यारस.

त्याचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी धुळ्याची, दोघांची पसंती झालेली, सुपारीही फुटलेली. फक्त मुलीच्या वडिलांची एक अट होती, नोकरी पर्मनंट झाली की तारीख काढू. त्या दिवशी तो थडीवर माझ्याशेजारी उभा राहिला आणि बराच वेळ चहा नुसता धरून होता.

"ताई, धुळ्याला काय सांगू? की मी काहीच लिहिलं नाही म्हणून?"

मला रडू आलं. मी म्हटलं, मी सरांशी बोलते. आणि नाही बोलले. रोज ठरवायचे, उद्या नक्की.

*

ग्यारस उजाडली. शहरभर बँडवाले बाहेर पडलेले, रस्त्यात घोड्या सजवून उभ्या. तन्मयने सकाळीच टेबल आवरलं, चार्जर गुंडाळला, माझा चटणीचा रिकामा डबा धुऊन परत दिला.

दुपारी बाराला आमेरकडच्या एका हॉटेलातून फोन. तोच मॅनेजर, 'फूफाजी बंद मत करना'वाला. दोनशे ऐंशी पाहुणे दारात, एक फूफाजी लॉबीतल्या सोफ्यावर पाठ फिरवून बसलेले, आणि खोली बदलायला गेलं की सॉफ्टवेअर बंद. त्या हॉटेलातली यंत्रणा जुनी होती. ती अजून जुन्याच नावाने हाक मारत होती, आणि त्या नावाचं आमच्याकडे आता कुणी उरलं नव्हतं.

भंडारी सर केबिनमधून बाहेर आले. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. "अनिरुद्ध जी, ज़रा देख लीजिए."

अनिरुद्ध सरांनी लॅपटॉप उघडला. डाव्या पट्टीत चाळीस सारखी नावं. एक उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं, बंद केलं. दहा मिनिटं गेली. फोनमधून शहनाई आणि मॅनेजरचा श्वास, दोन्ही ऐकू येत होतं.

शेवटी ते मान न वळवता म्हणाले, "तन्मय, जरा बघतोस का रे?"

तन्मय बॅग खांद्याला लावून उभा होता. अगदी शांतपणे म्हणाला, "सर, पान बारा, नियम चार. हे माझ्या नावावर नाहीये."

मला वाटलं आता हा ओरडा खाणार. पण भंडारी सर गोंधळले होते. "अनिरुद्ध जी, ये पूरा आपने ही लिखा है ना? हर लाइन पे आपका नाम है."

खाली मुलांनी कुठलंसं सूत्र एका सुरात म्हटलं.

"सर," अनिरुद्ध सर म्हणाले, "मैंने सिर्फ़ नाम बदले हैं."

भंडारी सर खुर्चीवर बसले. त्यांना तो साफा आठवला असावा, कारण ते अनिरुद्ध सरांच्या डोक्याकडे बघत राहिले. "तो लिखा किसने?"

मग मी उभी राहिले. कशी राहिले मलाच माहीत. म्हटलं, "तन्मयने लिहिलंय सर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मला ठाऊक होतं. मी तरी सही केली." हे मी मराठीतच बोलून गेले, पण त्यांना सगळं समजलं.

"वही लाओ," सर म्हणाले.

मालक बदलायचा तर समितीच्या तीन सह्या, हाही नियम अनिरुद्ध सरांचाच. लाल वही आली. त्यात मी 'फूफाजी'पुढे मालक म्हणून तन्मय पाटील लिहिलं आणि पहिली सही केली, पेन कागदात रुतेल एवढी दाबून. दुसरी भंडारी सरांनी. तिसरी करायला अनिरुद्ध सरांनी खिसे चाचपले, तेव्हा पेन मी पुढे केलं.

तन्मय बसला. बॅग खांद्यालाच होती. त्याने 'फूफाजी' नावाचं एक छोटंसं पॅकेज परत केलं, आत एकच काम, जुन्या नावाने हाक आली की नव्या पत्त्यावर पाठवायची. चार मिनिटं लागली. तेवढ्यात भंडारी सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "इसका परमानेंट वाला काग़ज़ आज ही बनवाओ."

फोनमधून एकदम गलका आला. मॅनेजर ओरडला, "हो गया, हो गया! फूफाजी उठ गए सोफ़े से! किसने किया, भाई?"

अनिरुद्ध सर चटकन फोनकडे वाकले. "हमारी टीम ने."

भंडारी सरांनी लाल वही उचलली, ते पान उघडलं, अनिरुद्ध सरांसमोर ठेवलं आणि ओळीवर बोट टेकवलं. "पढ़ के बताइए."

अनिरुद्ध सरांनी चष्मा लावला. घसा खाकरला. "फूफाजी. मालिक, तन्मय पाटील."

"तो वही बोलो ना," फोनमधला मॅनेजर म्हणाला.